चिटोऱ्यावरचं नाव

१५२९ साली व्हेनिसमधला एक उमराव, मार्कान्तोनिओ मिकिएल, पास्क्वालिनो नावाच्या गृहस्थाच्या घरी चित्रं पाहायला गेला. मिकिएलला एक सवय होती. कुणाच्या घरी कोणतं चित्र आहे, ते कुणी काढलंय, कसं काढलंय, हे तो वहीत टिपून ठेवायचा. त्या काळच्या व्हेनिसमधल्या चित्रांविषयी लिहिणाऱ्या कुणालाही आज त्या टिपणांवाचून पुढे जाता येत नाही. पास्क्वालिनोकडे त्याला एक लहानसं चित्र दाखवण्यात आलं. जेमतेम दीड फूट उंच, सव्वा फूट रुंद. दगडी कमानीच्या आत लाकडी चौथरा, त्यावर पुस्तकांच्या गराड्यात वाचत बसलेला संत जेरोम. पुढच्या उंबऱ्यावर एक मोर, एक तित्तिर आणि पितळी भांडं. उजवीकडच्या अंधारात जेरोमचा पाळीव सिंह.

चित्र कुणाचं, यावर मतभेद होते. काहीजण म्हणत, सिसिलीच्या अंतोनेल्लो दा मेसिनाचं. बहुतेकांचं मत, हे काम फ्लँडर्सकडचं, व्हान आइकचं नाहीतर मेमलिंगचं. मिकिएलला त्यातलं बांधकाम उत्तरेकडचं वाटलं, चेहरा मात्र इटालियन वळणाचा. मग त्याच्या लक्षात आलं की जेरोमच्या लाकडी चौथऱ्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. चित्रकाराचं नाव असायची तीच तर जागा. वाद मिटला म्हणायचा! तो जवळ गेला, बारकाईनं पाहिलं, आणि वहीत लिहून ठेवलं की चिठ्ठीवर नाव आहे असं वाटतं खरं, पण नीट पाहिलं तर एकही अक्षर नाही. सगळा नुसता आभास.

ते चित्र आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि ते अंतोनेल्लोचंच मानलं जातं. चिठ्ठी अजून वाचता येत नाही. मला मात्र मिकिएलची ती वाकून पाहण्याची हालचाल मोलाची वाटते. १५२९च्या व्हेनिसमधल्या जाणकाराला चित्रात कागदाचा कपटा दिसला की त्यावर नाव शोधायचं, हे सवयीनं ठाऊक होतं. ही सवय त्याला लागली कशी, त्याची ही गोष्ट.

या कपट्याला इटालियनमध्ये ‘कार्तेलिनो’ म्हणतात, म्हणजे छोटा कागद. कलेतिहासाच्या पुस्तकांतून हा शब्द मोठा भारदस्त होऊन येतो, पण आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: चिटोरा. पाकिटात सापडतो, वहीतून गळून पडतो, वाण्याकडे यादी म्हणून जातो तो. पंधराव्या शतकातल्या चित्रकारानं आपलं नाव लिहायला अशी जागा निवडली, यात गंमत आहे. संगमरवर रंगवता येत होता, सोन्याची किनार काढता येत होती. ते सोडून त्यानं रंगवला तो चुरगळलेला, कोपरा फाटलेला चिटोरा.

तो रंगवायचा कसा, हे जवळून पाहण्यासारखं आहे. नुसत्या पांढऱ्यानं कागद होत नाही, भोक पडल्यासारखं दिसतं. म्हणून सफेद्यात पिवडीचा कण घालून रंग थोडा मळवायचा. मग घड्या. त्या काळी पत्राला वेगळं पाकीट नसे. लिहिलेला कागदच आडवा-उभा दुमडायचा, आत खोचायचा आणि वर लाखेचा ठिपका देऊन बंद करायचा. उघडल्यावर कागदावर घड्यांची चौकट उरायची. ही चौकट बहुतेक चिटोऱ्यांवर दिसते. प्रत्येक घडीच्या रेषेला दोन बाजू असतात: एक उजेडाकडे तोंड केलेली, दुसरी पाठ फिरवलेली. एकीकडे सफेद्याची केसाएवढी रेघ, दुसरीकडे राखाडी छटा, की कागद तिथे मोडलेला दिसू लागतो. एखादा कोपरा वर उचललेला, आणि त्याखाली, फक्त त्याच्याखाली, सावली. सगळी जादू या सावलीत आहे. ती एका बाजूला दाट, पुढे विरळ होत जाते, आणि तिची दिशा चित्रातल्या बाकी उजेडाशी जुळावी लागते. शेवटी लाखेचा लाल थेंब किंवा टाचणीचं डोकं. कागद चिकटला. आता अक्षरं, आणि तीही घडीवरून जाताना किंचित मोडली पाहिजेत.

एवढं साधलं की चिटोरा विचित्र ठिकाणी जाऊन बसतो. माता मरियम, बाळ, पाठीमागचे डोंगर, हे सगळं चित्राच्या आत. पाहणारा बाहेर. चिटोरा धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. तो पुष्कळदा चित्राच्या पुढच्या दगडी कठड्यावर चिकटवलेला असतो, म्हणजे चित्रातलं जग संपतं आणि आपलं सुरू होतं त्या बांधावर. कधी तर असं वाटतं की कुणीतरी चित्र पुरं झाल्यावर वरून डकवलाय आणि नखानं सोलून काढता येईल. माझ्या मते चित्रकाराला हवी होती ती हीच जागा. देवादिकांच्या पंगतीत आपलं नाव घुसवण्याचा उद्धटपणा नको, आणि चौकटीबाहेर राहून विसरलं जाणंही नको. मग बांधावर उभं राहायचं.

उपलब्ध चित्रांतला सर्वांत जुना चिटोरा दाखवतात तो फिलिप्पो लिप्पीच्या ‘तार्क्विनियाच्या मॅडोना’त, म्हणजे मरियम आणि बाळाच्या चित्रात, सिंहासनाच्या पायथ्याशी. त्यावर नाव नाही, साल आहे: १४३७. हे चित्र आज रोमच्या पालात्सो बार्बेरिनीत आहे. लिप्पी फ्लॉरेन्सचा, पण तीनच वर्षांपूर्वी, १४३४ साली, तो पादुआत काम करत होता अशी नोंद आहे. आणि चिटोऱ्याची खरी साथ पसरली ती पादुआतच.

पादुआ विद्यापीठाचं गाव. तिथल्या विद्वानांना जुन्या रोमन शिलालेखांचं वेड. शेतात, चर्चच्या भिंतीत, विहिरीच्या काठावर कोरलेलं अक्षर दिसलं की उतरवून घ्यायचं. या वातावरणात फ्रान्चेस्को स्क्वार्चोने नावाच्या माणसानं चित्रशाळा चालवली. हा मूळचा शिंपी आणि भरतकाम करणारा. स्वतः चित्रकार म्हणून बेताचाच असावा, पण पोरं हेरण्यात पटाईत. हुशार मुलगा दिसला की त्याला उमेदवारीला ठेवायचा, चक्क दत्तक घ्यायचा आणि त्याच्या कामाचे पैसे आपल्या गल्ल्यात टाकायचा. आंद्रेआ मांतेन्या हा असाच दत्तक घेतलेला मुलगा. मोठेपणी त्यानं कोर्टात जाऊन या दत्तकबापापासून सुटका करून घेतली.

या मुलांच्या चित्रांत चिटोरे भरभरून आहेत. मार्को झोप्पोच्या एका मॅडोनाच्या चित्रात, ते आता लूव्ह्रमध्ये आहे, तो स्वतःला ‘स्क्वार्चोनेचा झोप्पो’ म्हणवतो. डाल्मेशियातून आलेला युराय चुलिनोविच, ज्याला इटलीत स्क्याव्होने म्हणजे ‘स्लाव’ म्हणत, तो तर आपण स्क्वार्चोनेचे शिष्य आहोत हे चिटोऱ्यावर आवर्जून लिहितो. पुढे हा गुणी शिष्य पादुआ सोडून गेला तो गुरूच्या संग्रहातली काही रेखाटनं बरोबर घेऊनच, आणि ती परत मिळवण्यासाठी बरीच खटपट करावी लागली. चिटोऱ्यावर गुरूचं नाव आणि बोचक्यात गुरूची चित्रं! मला हा स्क्याव्होने त्याच्या सगळ्या चित्रांपेक्षा जास्त आवडतो.

पादुआहून ही चाल व्हेनिसला गेली, आणि तिथे जोव्हान्नी बेल्लिनीनं ती आपलीशी केली. बेल्लिनी हा मांतेन्याचा मेहुणा. मांतेन्याचं लग्न त्याच्या बहिणीशी झालं होतं. साधारण १५०१-०२ मधलं त्याचं दोज लिओनार्दो लोरेदानचं चित्र पुष्कळांनी कुठे ना कुठे छापलेलं पाहिलं असेल: पांढरी-सोनेरी जरीची वस्त्रं, डोक्यावर शिंगासारखी टोपी, निळी पार्श्वभूमी आणि ताणलेली शांत मुद्रा. समोर दगडी कठडा आणि त्यावर मधोमध चिटोरा, लॅटिन मोठ्या अक्षरांत बेल्लिनीचं नाव. हा दोज म्हणजे व्हेनिसच्या गणराज्याचा प्रमुख. त्याच्या छातीखाली, बरोबर मध्यरेषेवर, एका रंगाऱ्यानं आपली चिठ्ठी लावून ठेवली आहे. दगडात कोरलेलं नाव इथे फार झालं असतं. कागद म्हटल्यावर कुणाची तक्रार नाही.

न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहातल्या त्याच्या ‘संत फ्रान्सिस’मध्ये चिटोरा शोधावा लागतो. उघड्या माळावर अनवाणी उभा असलेला संत, खडक, गाढव, बगळा, दूरवर गाव. आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात एका काटकीत अडकलेला चुरगळलेला कपटा, वाऱ्यानं उडत येऊन अडकावा तसा. त्यावर बेल्लिनीचं नाव.

मिलानच्या ब्रेरा संग्रहात त्याची ‘पिएता’ आहे. मरियम आणि योहान यांनी ख्रिस्ताचा मृतदेह उभा धरलाय, त्याचा निर्जीव हात कठड्यावर टेकलाय, आणि त्या हाताखालीच अक्षरं आहेत. त्यांचा आशय असा की रडून सुजलेले हे डोळे पाहून हुंदका फुटत असेल, तर बेल्लिनीचं हे काम स्वतःही रडू शकेल. हे मला जरा अतीच वाटतं. चित्र न बोलता जे करून दाखवतं, ते शब्दांनी पुन्हा सांगायची गरज नव्हती. पण तिशीच्या आसपासच्या माणसाचं काम आहे ते. पुढे बेल्लिनीनं असं लांबलचक लिहिणं सोडलं आणि नुसतं नाव ठेवलं.

नुसतं नाव का पुरत होतं? कारण तोवर त्या नावाला बाजारात किंमत आली होती. बेल्लिनीची चित्रशाळा व्हेनिसमधली सर्वांत मोठी. घरात लावायच्या मॅडोनांना प्रचंड मागणी. गुरूनं एक नमुना ठरवायचा, शिष्यांनी तो फिरवून फिरवून रंगवायचा. कुठे बाळाचा पाय बदलला, कुठे पडद्याचा रंग. यातल्या कित्येक चित्रांवर बेल्लिनीच्या नावाचा चिटोरा आहे, आणि त्यातल्या बऱ्याच चित्रांत गुरूचा हात फारसा लागलेला नाही असं अभ्यासक मानतात. यात फसवणूक शोधायला जाऊ नये. सराफाच्या पेढीचा छाप जसा मालकानं प्रत्येक दागिना स्वतः घडवलाय असं सांगत नाही, माल आमच्या पेढीचा आहे एवढंच सांगतो, तसं ते होतं. पुढच्या शतकांतल्या दलालांनी मात्र यातून भलताच धडा घेतला. चिटोरा म्हणजे सुटा कागद. तो चित्रात कुठेही डकवता येतो. मग ज्या चित्रावर नाव नाही त्यावर एक चिटोरा रंगवला की झालं.

उलटही घडे. १५१०चं एक चित्र माद्रिदच्या थिसेन संग्रहात आहे: चिलखत घातलेला तरुण योद्धा, भोवती फुलं, ससे, पक्षी, आणि अर्मिन नावाचा एक पांढरा प्राणी. ते बराच काळ आल्ब्रेख्ट ड्यूररच्या नावावर चाललं होतं. १९५८ साली चित्र साफ करताना वरचा रंग निघाला आणि खालून झाडाच्या बुंध्यावर चिकटवलेला कागद बाहेर आला: व्हित्तोरे कार्पाच्चोनं काढलं, १५१०. कुणीतरी कधीतरी खऱ्या चिटोऱ्यावर रंग फिरवून ठेवला होता. ड्यूररला जास्त भाव होता, दुसरं काय! चित्रात आणखी एक चिटोरा आहे, गवतात, त्या अर्मिनजवळ. त्यावर लॅटिन ब्रीद आहे: मळण्यापेक्षा मेलेलं बरं. अंगावर चिखल उडू देण्याआधी अर्मिन प्राण सोडतो अशी समजूत होती. इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावाखाली मळत पडलेल्या चित्रात हे ब्रीद असावं!

चिटोऱ्यावरचं लिखाण खरं असलं तरी ते बरोबर असतंच असं नाही. अंतोनेल्लोचा ‘आशीर्वाद देणारा ख्रिस्त’ लंडनला आहे. त्याच्या कठड्यावर दुमडून उलगडलेला छान चिटोरा आहे आणि त्यात साल अक्षरांत लिहिलंय: चौदाशे पासष्ट. पुढे ‘आठवं इंडिक्शन’. इंडिक्शन म्हणजे रोमन सारावसुलीपासून चालत आलेलं पंधरा वर्षांचं कालचक्र. आपल्याकडे शकाबरोबर संवत्सराचं नाव घालतात, त्यातलाच प्रकार. इतिहास संशोधकाला ताम्रपटावर शक आणि संवत्सर जुळले नाहीत की जसा संशय येतो, तसा इथे येतो. १४६५ला तेरावं इंडिक्शन येतं. आठवं येतं १४७५ला. म्हणजे एकाच कागदावर दहा वर्षांची तफावत. आणि ही दहा वर्षं साधी नाहीत, कारण १४७५ हे अंतोनेल्लो व्हेनिसला आला ते साल. तिथल्या चित्रकलेत त्यानंतर काय बदललं याचा हिशेब त्याच्यापासून मांडतात. चित्र व्हेनिसच्या आधीचं की तेव्हाचं, याचा निकाल या दोन इंचांच्या कागदावर अडकून पडला. त्यात भर म्हणजे ख्रिस्ताचा आशीर्वादाचा हात त्यानं आधी वेगळा काढला होता आणि मग पुसून पुढे आणला. जुन्या बोटांची छाया आजही वरून डोकावते. चिटोऱ्यावरही असं काही खाडाखोडीचं झालं असेल का, यावर तज्ज्ञ भांडत असतात.

आता व्याकरणाची एक गोष्ट. मराठी माणसाला ती इंग्रज वाचकापेक्षा चटकन कळावी, कारण आपल्याला शाळेत भूतकाळाचे प्रकार घोकून घेतलेले असतात.

लॅटिनमध्ये ‘केलं’ याला ‘फेचित’ म्हणतात आणि ‘करत होता’ किंवा ‘करत असे’ याला ‘फाचिएबात’. आपला अपूर्ण भूतकाळ आणि रीती भूतकाळ दोन्ही त्या एका रूपात येतात. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी आपल्या निसर्गविषयक महाग्रंथाच्या प्रस्तावनेत सांगतो, की अपेलेस आणि पोलिक्लेइटोस यांच्यासारखे थोर ग्रीक कलावंत आपल्या कामावर ‘अमुक करत होता’ असं लिहीत. काम संपलेलं नाही, सुधारणेला वाव आहे, चूक दिसली तर मी ती दुरुस्त करणारच होतो, अशी ती नम्र पळवाट. ‘केलं’ असं ठणकावून लिहिलेली कामं, प्लिनी म्हणतो, फक्त तीन आहेत. फ्लॉरेन्सचा विद्वान पोलित्सियानो यानं १४८९ साली छापलेल्या आपल्या टिपणांत या मुद्द्याची चर्चा केली, आणि मग कलावंतांत अपूर्ण भूतकाळाची फॅशन सुरू झाली. मायकेलएंजेलोनं ‘पिएता’च्या शिल्पात मरियमच्या छातीवरच्या पट्ट्यावर आपलं नाव कोरलं ते ‘फाचिएबात’ लावून. त्यातही शेवटचं अक्षर वस्त्राच्या घडीत गडप, म्हणजे ‘करत होता’ हा शब्दसुद्धा अर्धवट. नम्रतेची हौस किती असावी!

कार्पाच्चोनं यात स्वतःची भर घातली. व्हेनिसमधल्या डाल्मेशियन लोकांच्या संघाच्या वास्तूत त्याचं संत ऑगस्टिनचं चित्र आहे. प्रशस्त खोली, टेबलावर कागद, पुस्तकं उघडी पडलेली, लेखणी हवेत थांबलेली; खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे संत पाहतोय. जमिनीवर मधोमध एक लहान पांढरा कुत्रा बसलाय, तोही उजेडाकडे बघत. त्याच्याजवळ फरशीवर पडलेला चिटोरा. त्यावर कार्पाच्चोच्या नावापुढे क्रियापद आहे ‘फिंजेबात’. हे क्रियापद कुंभाराच्या घडवण्याचंही आहे आणि कल्पनेनं रचण्याचंही, सोंग आणण्याचंही. ‘कार्पाच्चो हे सोंग रचत होता’ असंही त्याचं भाषांतर करता येईल. संताच्या खोलीत फरशीवर पडलेला खोटा कागद तोंडानं सांगतोय की हे सगळं बनवलेलं आहे. कुत्र्याला ते कळलेलं नाही.

आणि ड्यूरर. हा न्यूरेंबर्गचा सोनाराचा मुलगा नावाच्या बाबतीत सगळ्यांत हुशार. ए-च्या पायांत डी बसवलेली त्याची मुद्रा युरोपभर ओळखीची होती. १५०५मध्ये तो व्हेनिसला आला. तिथले चित्रकार म्हणत, कोरीवकाम ठीक आहे हो याचं, पण रंग कळत नाहीत. तिथल्या जर्मन व्यापाऱ्यांनी त्यांच्या चर्चसाठी त्याच्याकडून मोठं चित्र करून घेतलं, ‘गुलाबमाळांचा उत्सव’. आज ते प्रागमध्ये आहे, बरंचसं खराब झालेलं. त्यात पोप आहे, सम्राट आहे, मरियम आणि बाळ त्यांना गुलाबाच्या माळा घालताहेत. आणि उजवीकडे मागे झाडाखाली स्वतः ड्यूरर उभा, लांब केस, भारी झगा, सरळ आपल्याकडे बघत. हातात कागद: जर्मन आल्ब्रेख्ट ड्यूररनं पाच महिन्यांत पुरं केलं, १५०६. आता त्याच साली काढलेलं ‘पंडितांमधला ख्रिस्त’ बघा. त्यातल्या एका पुस्तकातून खूण म्हणून घातलेला कागद बाहेर डोकावतो, त्यावर मुद्रा, साल, आणि ‘पाच दिवसांचं काम’. पाच महिने आणि पाच दिवस. एकीकडे कष्टाचा हिशेब, दुसरीकडे हाताच्या वेगाचा तोरा, आणि दोन्ही कागदावर लिहून दिलेलं, पावतीसारखं. दोन वर्षांनी काढलेल्या दहा हजार हुतात्म्यांच्या चित्रात तो पुन्हा हजर आहे. चहूकडे माणसं कड्यावरून ढकलली जाताहेत, मुंडकी उडताहेत, आणि मधोमध काळ्या कपड्यांतला ड्यूरर फिरायला आल्यासारखा चाललाय. हातात काठी, काठीच्या चिरलेल्या टोकात खोचलेला चिटोरा. ‘हा करत होता’ असं त्यावर लिहिलंय. अपूर्ण भूतकाळ इथेही सुटलेला नाही.

क्रिव्हेल्लीचा चिटोरा वेगळ्या दुखण्याचा आहे. कार्लो क्रिव्हेल्ली व्हेनिसचा. १४५७ साली एका खलाशाच्या बायकोला ठेवून घेतल्याबद्दल त्याला सहा महिने कैद आणि दंड झाला. सुटल्यावर तो आधी डाल्मेशियात गेला आणि मग आद्रियाटिकच्या काठच्या मार्के प्रांतात, आस्कोली पिचेनोच्या आसपास, जन्मभर राहिला. पण चित्रांखाली तो लिहीत राहिला ‘व्हेनिसच्या कार्लो क्रिव्हेल्लीचं काम’. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या त्याच्या छोट्या मॅडोनात कठड्यावर पिवळं लाटदार रेशीम पसरलंय, त्यावर लाखेच्या ठिपक्यांनी चिटोरा चिकटवलाय, त्यावर ‘व्हेनिसचा’. शेजारी एक माशी बसलीय, बाळ तिच्याकडे घाबरून बघतंय. ती माशी चित्रातल्या माणसांच्या मानानं मोठी आहे, म्हणजे ती आपल्याकडची, आत्ताच उडत येऊन चित्रावर बसलेली. रेशमाचा धागा न धागा, काकडीवरचे फोड, सगळं असं खरं केलेलं, आणि त्या सगळ्यात ज्या गावानं तुरुंगात टाकलं त्या गावाचं नाव. १४९०मध्ये त्याला सरदारकी मिळाली, तेव्हा त्यानं तीही सहीत जोडून टाकली. ‘व्हेनिसचा’ मात्र काढलं नाही.

चिटोऱ्याचा उपयोग नावापुरताच राहिला नाही. जोर्जोनेनं एक म्हातारी काढली, दात पडलेली, तोंड उघडं. एक हात स्वतःच्या छातीकडे वळवलेला आणि त्या हातात कागदाची पट्टी: ‘काळाबरोबर’. एवढंच. लोरेन्झो लोत्तोच्या एका चित्रात तर झोकदार पोषाखातली बाई एका हातात अब्रूसाठी जीव देणाऱ्या रोमच्या लुक्रेशियाचं रेखाचित्र धरून आपल्याला दाखवते, आणि टेबलावर एक कागद पडलेला आहे. त्यावर रोमन इतिहासकार लिव्हीचं वाक्य आहे, लुक्रेशियाचा दाखला देऊन कुणा निलाजरीनं जगू नये अशा अर्थाचं. बाई इतकी आवेशात आहे की तिच्यावर कुणीतरी काहीतरी आळ घेतला होता की काय असं वाटून जातं. जर्मन चित्रकार होल्बाइननं १५३२ साली लंडनमध्ये काढलेल्या गेओर्ग गिझे या व्यापाऱ्याच्या चित्रात कागदच कागद आहेत: भिंतीवर अडकवलेली पत्रं, हातात उघडत असलेलं भावाचं पत्र, आणि डोक्यावर लाखेनं चिकटवलेला चिटोरा, जो सांगतो की गेओर्ग चौतिसाव्या वर्षी हुबेहूब असाच दिसत होता. होल्बाइनच्या भिंतीवर नजर टाकली की एखाद्या जुन्या पेढीत शिरल्यासारखं होतं. खिळ्याला टोचलेली बिलं तेवढी राहिली.

आणि यातलं सर्वांत गमतीचं काम चित्राच्या पाठीमागे आहे. कार्पाच्चोनं व्हेनिसच्या खाडीतल्या शिकारीचं एक फळीवरचं चित्र काढलं, सध्या ते लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. ती फळी उलटी केली की मागे भिंतीवर ताणलेल्या फितीत खोचलेली पत्रं दिसतात. रंगवलेली. १४९०च्या दशकातलं हे काम. पुढे सतराव्या शतकात पत्रांच्या फळ्या रंगवण्याचं जे वेड युरोपात आलं, त्याच्या दीडशे वर्षं आधीचं. इथे चिटोऱ्यानं कठडा, मॅडोना, संत सगळे हाकलून दिले आणि स्वतःच चित्र होऊन बसला.

१५२०च्या सुमारास इटलीत ही चाल ओसरली. तिशियनसारखा माणूस जाड्या कॅनव्हासवर मोकळ्या हातानं रंग ओढू लागला. त्या कुंचल्याला केसाएवढी घडी काढत बसणं मानवणारं नव्हतं. तो नाव लिहायचा ते दगडावर, खांबावर, मिळेल तिथे. शिवाय तोवर लोकांना चित्र कुणाचं आहे हे बघताक्षणी कळू लागलं होतं, किंवा कळतं असं दाखवावं लागत होतं.

स्पेनमध्ये मात्र कागद टिकला. झुर्बारानच्या चित्रांत तो टाचणीनं लावलेला असतो, अगदी १६२७च्या क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या पायथ्याशीही. वेलास्केसनं चौथ्या फिलिपचं एक उभं चित्र काढलं, तपकिरी आणि रुपेरी पोषाखातलं. राजाच्या हातात एक अर्ज आहे. त्यावर फक्त मायना आणि अर्जदार वाचता येतो: महाराज, दिएगो वेलास्केस, आपला चित्रकार. मागणी काय होती ते लिहिलेलं नाही. सहीचा अर्ज करून तो राजाच्याच मुठीत ठेवायचा, हे दरबारात मुरलेल्या माणसालाच सुचावं.

काही वर्षांनी, १६३४-३५ मध्ये, त्यानं ‘ब्रेडाची शरणागती’ काढली. दहा फूट उंच, बारा फूट रुंद, भाल्यांची रांग, दूरवर धुमसणारं गाव. माद्रिदच्या प्रादोत लोक त्याच्यासमोर उभे राहतात ते मधल्या दोन सेनापतींकडे बघत, एक किल्ली पुढे करतोय, दुसरा ती घेण्याआधी त्याच्या खांद्यावर हात ठेवतोय. उजवीकडे एका घोड्यानं आपल्याकडे पाठ केलीय. त्याच्या टापांच्या पलीकडे, अगदी खालच्या कोपऱ्यात, जमिनीवर एक कागद पडलेला आहे, घड्या उलगडलेल्या, एक कोपरा उचललेला, खाली सावली. त्यावर काहीही लिहिलेलं नाही.